गाय कशानं उठली

आमची गाय कशानं उठली हे मला अजूनही माहीत नाही, आणि त्याची चीडही अजून गेलेली नाही.

व्याल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसली ती उठेना. मान पोटाकडं वळलेली, कान गार पडलेले. गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला कुलूप. इथली डॉक्टरची जागा रिकामीच आहे. तुळजापूरकडचे एक डॉक्टर आमचंही गाव बघतात, शिवाय आणखी किती गावं, ते त्यांनाच ठाऊक. फोन लावला तर ते भलत्याच टोकाला एका अडलेल्या म्हशीपाशी होते. म्हणाले, कॅल्शियम कमी झालंय, सलाईन लावावं लागेल, तोवर दोन्ही बाजूंनी पोती लावून तिला बसती ठेवा, मी येतोच. ते 'येतोच' म्हणजे कधी, हे विचारायचं राहून गेलं.

पोती लावली. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि गुळाचं पाणी पाजलं. धाकट्या दिरानं तुळजापूरहून कॅल्शियमची बाटली आणली, ती निम्मी गाईच्या घशात गेली, निम्मी माझ्या पदरावर. मग मोटारसायकलवर गावोगाव फिरून जनावरांवर इलाज करणारा एक खाजगी माणूस आला आणि कसलंसं इंजेक्शन टोचून गेला. औषधाचं नाव विचारलं तर म्हणाला, भारीतलं आहे. मी कुणालाच नको म्हटलं नाही. नको म्हणायला आधी बरोबर काय ते तर कळायला हवं ना!

दुपार कलल्यावर गाय उठली आणि थेट वासराकडं गेली. मी गोठ्यातच रडले. सासूबाई म्हणाल्या दृष्ट काढल्यानं उठली, दीर म्हणाला बाटलीनं. संध्याकाळी डॉक्टर आले, पार दमलेले. काय काय दिलं ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग उठली कशानं, मी विचारलं.

"मी बघायला नव्हतो ना, ताई. काय सांगू?"

काही महिन्यांनी शेजारणीची म्हैस व्याली आणि तशीच बसली. डॉक्टरांची तोवर बदली झाली होती, नवीन कुणी आलं नव्हतं. शेजारीण धावत माझ्याकडं आली, तुमच्या गाईला काय दिलं होतं म्हणून विचारायला लागली. मला माहीत नाही, मी म्हणाले.

"सांगायचं नसल तर न्हाय म्हना, वहिनी. पर अशा येळला लपवू नका."

मी तिच्या गोठ्यात गेले. पोती, दृष्ट, गुळाचं पाणी, बाटली, सगळं त्याच क्रमानं केलं. मोटारसायकलवाल्यालाही बोलावलं. आमच्या गाईला काय टोचलं होतं ते त्यालाही आठवेना. दिवेलागणीच्या आत म्हैस गेली.

शेजारीण आता माझ्याशी बोलत नाही. मी काहीतरी राखून ठेवलं, असं तिला वाटतं. शेण काढताना मीही पुन्हा पुन्हा आठवून बघते, खरंच काही राहून गेलं का.