जवारी आणि माझे कान

माझे कान गेले आहेत, हे मला वर्षभरापूर्वी कळलं. पूर्ण गेलेले नाहीत. समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, फोन ऐकू येतो. पण कुपवाडच्या कारखान्यात प्रेस मशीनजवळ बावीस वर्षं काढल्यावर जे व्हायचं ते झालं. कंपनीच्या तपासणीत एका बाईंनी कानांवर हेडफोन चढवला, "आवाज आला की बटण दाबा," म्हणाल्या, आणि मी बटणावर बोट ठेवून नुसताच वाट बघत बसलो. त्यांनी कागदावर रेघ काढली. उजव्या टोकाला ती एकदम खाली घसरली होती. वरचे, बारीक आवाज माझ्यापुरते संपले होते. तो कागद मी स्कूटरच्या डिकीत टाकला आणि कुणालाच सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं ते आबांना. माझे वडील मिरजेत तंबोऱ्यांची जवारी लावतात. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. ती कानशीनं जराजरा घासत न्यायची, तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवत राहायचा. मग एका जागी तार नुसती वाजायची थांबते आणि गुणगुणायला लागते. जवारी उघडली, म्हणतात. पण घासणारा वाद्यावर ओणवा असतो, लांबून कसं ऐकू येईल ते त्याला कळत नाही. म्हणून आमच्या घरी कुणीतरी समोरच्या भिंतीला टेकून बसायचं आणि सांगायचं. नवव्या वर्षापासून तिथं मी बसत आलो. आबा तार छेडून विचारायचे, "उघडली?" मी म्हणायचो, "अजून न्हाई." बाकी कुठल्याही गोष्टीत त्यांनी माझं मत कधी विचारलं नाही.

याच कानांच्या जोरावर मी आमच्या सातारा-सांगलीच्या स्पीकरवेड्यांत भाव खायचो. कुणी नवी जोडी घेतली की आधी मला ऐकवायचे. गेल्या हिवाळ्यात साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात भारी स्पीकरांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी आबांनाही घेऊन गेलो. त्यांना आनंद व्हावा म्हणून, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं.

हॉटेलच्या खोल्यांतले पलंग बाहेर काढून प्रत्येक खोलीत एकेक जोडी मांडली होती. पहिल्या जोडीचा खर्ज असा की छातीवर कुणी आतून बुक्की मारतंय. तो मला नीट कळला, कारण तो ऐकायला कान लागतच नव्हते. दुसऱ्या खोलीत लाकडी कर्ण्यांची जोडी होती. एक बाई गात होती. शेजारचे डोळे मिटून म्हणत होते, तिचे ओठ विलग झालेलेसुद्धा ऐकू येतात. मला ती बंद दाराआड गात असल्यासारखी वाटली. मी म्हणालो, "काय मोकळा आवाज आहे!"

तिसऱ्या खोलीतले स्पीकर कपाटाएवढे होते. विक्रेत्यानं मुद्दाम तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. आमच्यातले एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे वळले. "आता बोल गड्या. हे तर तुझ्या घरचंच हाय."

"समोर तंबोरा ठेवल्यासारखा वाटतोय," मी म्हणालो. "वरचा झंकार तर काय सुटलाय!"

"कुठं?" आबा मोठ्यानं म्हणाले. "खर्जाची तार बंद हाय की. दोरा सरकलाय."

विक्रेता हसला. "आजोबा, ही जोडी चूक करत नाही."

"ती कशाला करंल? तंबोरा लावणाऱ्यानं केलीय."

खोलीत हशा पिकला, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती तार उघडी की बंद, मला काहीही कळलं नव्हतं. मी हसून म्हणालो, "वय झालंय त्यांचं. हल्ली बारीक आवाज कळत नाहीत त्यांना."

माझ्या कागदावरचा आजार मी माझ्या बापाच्या नावावर लिहिला. आबांनी एकदा कानाला हात लावून बघितला. खाली चहा घेताना त्यांनी विचारलं, "खरंच व्हय रं? मला तर कवा वाटलं न्हाई."

"वयानं होतं, आबा," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांचा हात बिघडला. सांगलीच्या एका गायनशिक्षिकेचा तंबोरा लावायला आला होता. आबा तार छेडायचे, थांबायचे, पुन्हा छेडायचे. मग मला विचारायचे, "उघडली?" मला सांगता येत नसे. लवकर 'उघडली' म्हटलं तर वाद्य तसंच जाईल, या भीतीनं मी म्हणायचो, "अजून न्हाई." आणि ते आणखी घासायचे. घासलेलं हाड परत भरून येत नाही. अशी पहिली घोडी गेली, मग दुसरी गेली.

तिसरी बसवताना ते म्हणाले, "ही शेवटची. ही न्हाई जमली तर कानस ठेवून देतो. लोकांची वाद्यं नासवायची न्हाईत मला."

त्यांनी तार छेडली. "उघडली?"

मी उठलो, डिकीतून कागद आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "आबा, बारीक आवाज मला येत न्हाईत. तुमचे कान चांगले हायत. मी साताऱ्यात खोटं बोललो."

त्यांनी घसरलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. "कवापासनं?"

"वर्ष झालं."

त्यांनी दोन्ही वाया गेलेल्या घोड्या उचलल्या. "ह्या उघडल्या हुत्या."

"असतील, आबा."

"असतील न्हाई. हुत्या. मी ऐकलं हुतं." कागद त्यांनी मला परत दिला. "सुनंला हाक मार. भिंतीपाशी बसंल ती."

बायको हात पुसत आली. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याच्या तेलानं भिंतीवर जिथं डाग पडला आहे, तिथंच ती टेकून बसली. मी दारात उभा राहिलो. आबांनी दोरा किंचित सरकवला आणि तार छेडली.

"मधमाशी आत शिरल्यागत वाजतंय, आबा," ती म्हणाली.

"तीच," आबा म्हणाले आणि त्यांनी कानस खाली ठेवली.

मला नुसती तार हललेली दिसली.