टाकीतलं खारं पाणी

जळगाव जामोदच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या गावात सिंधूताईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कोणाच्या बकरीनं कोणाची तूर खाल्ली, हँडपंपाला घागर आधी कोणी लावली, असली भांडणं तिच्या ओट्यावर येऊन मिटायची. "सिंधूताईनं पाह्यलं हाय," एवढं म्हटलं की समोरचा गुमान उठून घरी जायचा.

हा लौकिक तिला फुकट मिळाला नव्हता. नवरा गुलाबराव दारूपायी गेला. त्याच्या जलदानविधीला तिनं लेकाला, प्रसेनजितला, शेजारी बसवून पंचशील घेतलं. खोटं बोलायचं नाही आणि दारूला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, या दोन गोष्टी तिनं पदरात निखारे बांधल्यासारख्या जपल्या.

लेकही तसाच निघाला. त्यानं जुनी डिझेल गाडी घेतली. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवरून दुखणाईत माणसं खामगावच्या दवाखान्यात न्यायची, हा त्याचा धंदा. गाड्या दुसऱ्यांकडेही होत्या. पण हा पोरगा पीत नाही, म्हणून बायाबापड्या ह्याच्याच गाडीत बिनघोर बसत. गाडीपेक्षा तेच त्याचं भांडवल होतं.

उन्हाळ्यात भरल्या गाडीला चढावर धाप लागे. म्हणून त्यानं डिक्कीत एक टाकी बसवली, एक छोटा पंप, आणि इंजिनाच्या हवेच्या पाइपात बारीक नोझल.

"फवारणीचा पंप गाडीले कायले रे?" सिंधूताईनं विचारलं.

"तसंच समज, माय. टर्बो हवा दाबून आत ढकलते, तं ते हवा तापते. तिच्यात फवारा मारला का गार होते. इंजनचा दम नाही उखडत."

"फवारा कायचा?"

"पाण्याचा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "अन् स्पिरिटचा. निम्मं निम्मं."

तिनं जाऊन टाकीचं झाकण काढलं. गुलाबरावाच्या सदऱ्याला यायचा तो वास हा नव्हता. पण तिच्या नाकाला आता फरक करायची इच्छाच उरली नव्हती.

"गाडी पेते का तू पेतं?"

"माय, जहर हाय ते! पेलो तं मरन. इंजनसाठीच हाय."

"तुह्या बापाचंबी दरवेळी औषधच राहे."

भिंतीपलीकडून शालूबाईनं कान टवकारलेलेच होते. "सिंधूताई, गाडीले पाजते म्हणे तुहा पोट्टा! आमचा बुढा तं बैलाचं नाव सांगे वो!" आणि हँडपंपावर पाणी भरणाऱ्या बायका खो-खो हसल्या. ते हसू सिंधूताईच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं मोडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजित जेवून लवंडला, तेव्हा तिनं टाकी नालीत रिकामी केली. फवारा पाण्याचा, असं तोच आधी म्हणाला होता, मग नुसतं पाणीच भरू. त्या गावात घरोघरी दोन पाणी. हँडपंपाचं खारं धुण्याभांड्याला, नळाचं गोडं पिण्याला आणि वरणाला. नळाला गोडं पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि ते गाडीला पाजायचं? तिनं खाऱ्या पाण्याची घागर टाकीत ओतली, झाकण लावलं, हात जोडून शील म्हटलं. लेकाला सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

गाडी काही दिवस धावली. मग एका दुपारी दम्यानं घाबरी झालेली गोजरबाई गाडीत होती. तिला पाणी पाजायला प्रसेनजितनं टपरीपाशी गाडी थांबवली. परत स्टार्टर मारला, तर आत खाडकन आवाज झाला आणि सगळं बंद. पाने-पकड काढायला त्यानं डिक्की उघडली. तिथं जास्तीच्या स्पिरिटचा डबा होता. भोवती जमलेल्यांत कोणीतरी नाक वर केलं.

"दारू हाय बे गाडीत! पेऊन चालवून राह्यला हा!"

गोजरबाईला दुसऱ्या गाडीनं नेलं. ती वाचली. पण तिच्या लेकानं आठवडी बाजारात दुकानोदुकानी ही गोष्ट सांगितली.

नजीर मिस्त्रीनं नोझल खोललं. मागच्या झडपेत पांढरा खार धरला होता. "झडप मिटलीच नाही, भाऊ. उभ्या गाडीत पाणी इंजनमधी उतरलं. पिस्टनचे दांडे वाकले. हँडपंपाचं पाणी कोनं टाकलं बे याच्यात?"

प्रसेनजित घरी आला आणि तेच विचारलं.

"म्या," सिंधूताई म्हणाली.

"गोडं तरी टाकाचं, माय," एवढंच तो म्हणाला. "नोझल खारानं चोंदते, हे तुले का सांगा लागते?"

नव्हतंच सांगावं लागत. लोकांच्या पऱ्हाटीत फवारणीला पाणी वाहताना खारानं चोंदलेली नोझलं तिनंच तर टाचणीनं मोकळी केली होती.

पौर्णिमेला विहारात वंदना संपली तशी ती उभी राहिली. "माह्या पोरानं दारू पेली नाही. ते स्पिरिट इंजनचं होतं. टाकीत खारं पाणी म्या टाकलं, म्हणून गाडी मोडली. माह्या हातानं झालं."

कोणी वाद घातला नाही. गोजरबाईच्या सुनेनं, संजीवनीनं, तिचा हात धरून खाली बसवलं. शालूबाईनं गोड्या पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मायच हाय, बाई," शालूबाई हळूच म्हणाली. "मायनं नाही झाकावं तं कोनं झाकावं?"

सगळ्यांनी माना हलवल्या, अगदी मायेनं.

ती घरी आली. प्रसेनजित ओट्यावर बसला होता.

"काय म्हणले?"

"खरं नाही वाटलं त्याइले."

तो उठला, चपला घातल्या. "तुले तरी कुठी वाटलं होतं," म्हणाला, आणि बाहेर पडला.

गोजरबाई आता दवाखान्यात दुसऱ्याच्या गाडीनं जाते. परवा बकरीवरून गावातल्या दोघींचं भांडण लागलं. दोघीही सिंधूताईच्या ओट्यावरून तिच्याकडे न बघता तावातावानं पुढे निघून गेल्या.