गाडीचं दावं

बैल विकला तरी दावं विकायचं नाही, हे मला बापाने शिकवलं. जनावर गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं, पण गळ्यातलं दावं सोडून आपल्या खांद्यावर टाकायचं. गिऱ्हाइकाने स्वतःचं आणावं. आपलं दावं गेलं तर दावणीची बरकत जाते, असं आमच्या तांड्यावर सगळे मानत. पुढे मी बैलांचा व्यापारी झालो, हिंगोली भागातले जवळा बाजारपासून गोरेगावपर्यंतचे बाजार केले, पण दावं एकदाही दिलं नाही. ती हाताची सवयच झाली.

मोटारसायकल मला हिंगोलीत एका निवृत्त कारकुनाच्या परसात दिसली. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. विलायती, साडेतीनशे सीसीची. टाकीवर कोंबड्या बसत. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, सायलेन्सरला पायाने ढोसलं, तोंड वाकडं केलं.

"भंगार आहे हो. लोखंडाच्या भावात द्या, नाहीतर राहू द्या."

माझं मन तिच्यावर गेलं आहे हे त्या कारकुनाला कळलं असतं, तर त्याने मला सोललं असतं. पण चेहरा बंद ठेवण्यावरच मी पोट भरत आलो होतो.

मग दोन वर्षं ती एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे होती. मी उशीर झाला म्हणून आरडाओरडा करायचो. तो पाना खाली न ठेवता म्हणायचा, "सेठ, गाडीपे चिल्लाव मत. ये सुनती है." सुटे भाग मी हैदराबादच्या जुन्या बाजारातून हुडकून आणले. टाकीवरच्या सोनेरी रेघा ट्रक रंगवणाऱ्या पेंटरने श्वास रोखून मारल्या. ज्या दिवशी ती सुरू झाली, त्या दिवशी मिस्त्रीने आणि मी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोघंही इंजिनकडे पाहत उभे होतो.

त्यानंतर बारा वर्षं मी तिच्यावर बाजार केले. ज्या रस्त्याने बापाबरोबर बैलांमागे चालत गेलो, त्याच रस्त्याने. आखाडा बाळापूरचा हॉटेलवाला लांबूनच आवाज ओळखून चहा टाकायचा. हिवाळ्यात सकाळी दोन्ही बाजूंना तूर उभी, आणि पायांना इंजिनाची ऊब. तो आवाज मला कुणाला सांगता येत नाही. छातीत वाजायचा, एवढंच.

मग एकदा किक उलटी बसली आणि उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, परत किक मारायची नाही. तिचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात. दुसऱ्या कुणाला जमेना. जावई हौसेने बसले, ब्रेक समजून गिअर दाबला आणि थेट कडब्याच्या गंजीत गेले. बायको म्हणाली, "आता तिलाच चारा घाला." दोन वर्षं ती गोणपाटाखाली उभी राहिली. उभ्या गाडीचा जीव जातो. चालवणारा माणूस मिळाला तरच विकायची, असं मी ठरवलं.

पुण्याहून एकजण आला. चाळिशीचा, बूट चकाचक. मी रुमाल काढला आणि त्याचा हात रुमालाखाली धरला. आमच्याकडे बैलाचा भाव असाच होतो, बोटांवर, तोंडाने नाही.

"काका, हे काय? सरळ आकडा सांगा ना."

"बोटं मोजा. लोकांना काहून ऐकवायचं?"

तो हसला, पण शिकला पटकन. मी धरलेल्या बोटांतलं एकही सोडत नव्हतो. तो उठायला लागला. मी विचारलं, "घेऊन काय करणार?"

"चालवणार! उद्या सकाळी इथून पुण्यापर्यंत स्वतः चालवत नेतो, बघा तुम्ही."

मी एक बोट सोडलं, तेवढा भाव खाली आला. उभ्या आयुष्यात कुणाला सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सोबत तीन हमाल आणि गाद्या.

"चालवत नेणार होता न्हवं?" मी ओरडलो.

"अहो काका, एवढ्या लांब? रस्ते बघा तुमचे. आणि ही दिवाणखान्यात ठेवायची वस्तू आहे."

मला जे बोलायचं होतं ते सगळं मी बोललो. अख्खी गल्ली जमली. पण सौदा हातावर झाला होता, आणि हातावरचा सौदा मी मोडत नाही. हमालांनी ती गादीवर आडवी बांधली. मी शेवटचा हात लावायला पुढे झालो. टेम्पो वळणाआड गेला, तेव्हा मुठीत काहीतरी टोचलं. पाहिलं तर तिची चपटी किल्ली. कधी काढून घेतली, मलाच ठाऊक नाही. हाताने दावं सोडून घेतलं होतं.

मला वाटलं, किल्लीसाठी दोन दिवसांत त्याचा फोन येईल. मी फोनजवळच बसायचो. काय काय ऐकवायचं ते घोकून ठेवलं होतं.

महिना गेला. बायको म्हणाली, "फोन आला असता तर काय केलं असतं?"

"शिव्या दिल्या असत्या."

"आन मग?"

"मग किल्ली स्वतः घेऊन गेलो असतो."

ती माझ्या हाताशी चहा ठेवून गेली.

त्या किल्लीच्या जागी पेचकसाचं टोक घातलं तरी गाडी सुरू व्हायची. हे मला आणि मिस्त्रीलाच माहीत होतं, पुण्याच्या माणसाला मी सांगितलं नव्हतं. त्याला ते आपोआप सापडलं असेल, तर तो ती चालवतो आहे, आणि म्हणून फोन नाही. नाहीतर किल्ली नाही हे त्याच्या अजून लक्षातच आलेलं नाही. ज्या दिवशी गुडघा दुखत नाही, त्या दिवशी मी पहिलं खरं धरतो.

किल्ली गोठ्यात आहे, दाव्यांच्या खुंटीला. गंजू नये म्हणून महिन्याकाठी तेलाचं बोट लावतो.