बंद पडत पडत धुळ्याला

महायुद्ध चालू होतं आणि मोटारीला लागणारी कुठलीच वस्तू बाजारात मिळत नव्हती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आम्ही पारोळ्याला राहत होतो. यांची भाड्याची मोटार होती, कापडी टपाची, आधी एका कापूस व्यापाऱ्याने भरपूर वापरलेली. तिच्यातून हे वऱ्हाडं न्यायचे, पक्षकारांना जळगावच्या कोर्टात पोहोचवायचे, कधी दुकानदारांना धुळ्याला. घरात आम्ही दोघं आणि माझे धाकटे दीर. भाऊजी शेती बघायचे. गाडी त्यांना चालवता यायची, पण उघडून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते काम यांचं.

होळीनंतर गाडीने एक खोड धरली. सकाळी अंगणात पहिल्या हँडलला चालू व्हायची, गावाबाहेर छान पळायची, आणि इंजिन चांगलं तापलं की आचके देत रस्त्यातच बंद पडायची. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. यांचा संशय पेट्रोलवर होता. पेट्रोल कूपनावर मिळायचं आणि त्यात कोण काय मिसळेल याचा नेम नव्हता. हे संध्याकाळी अंगणात जुनं धोतर पसरून इंजिनात पेट्रोल सोडणारा कार्बोरेटर सोडवायचे. आतली बारीक तोटी माझ्या हातात द्यायचे आणि मी ती उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते सांगायची. दर वेळी दिसायचं. तरी हे ती पुन्हा फुंकायचे, नळी फुंकायचे, सगळं जोडून हँडल मारायचे. गाडी लगेच चालू. "कचराच होता," असं म्हणून हात धुवायचे. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

हे भाडं घेऊन गेले की माझं घरात लक्ष लागायचं नाही. गिरणा नदीच्या उतारावर गाडी बंद पडून एक अख्खं वऱ्हाड उन्हात चालत गेलं होतं. मुहूर्त टळला नाही म्हणून निभावलं. मी चुलीपुढे बसले तरी कान रस्त्याकडे असायचे.

यांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता. पट्टा बांधून हे सगळी कामं करायचे, मी ओरडले तर हसायचे. एका सकाळी चाक बदलताना जांघेतली गाठ बाहेर आली ती आत जाईना. नेहमी उताणं पडून हळूहळू दाबली की जायची. त्या दिवशी हात लावू देईनात. मग उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाजूला बोलावलं.

"आतडं अडकलंय. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच. कापल्याशिवाय सुटणार नाही. आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका."

धुळ्याला प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार केव्हाच गेली होती. बैलगाडीने दिवस मावळला असता. दारात आमचीच गाडी उभी होती.

"भाऊजी, पोहोचेल का ही?" मी विचारलं.

"न पोहोचून कसं चालेल, वहिनी," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मागच्या बाकावर गोधडी घालून यांना निजवलं. पाय पोटाशी घेऊन हे पडले. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. पायाशी पाण्याची कळशी ठेवली, कपाळावर पट्टी ठेवायला. ऊन चढलं होतं. गाडी सुरळीत निघाली, आणि तिचा तो सुरळीत आवाज मला जास्तच भीती घालत होता. कारण सुरुवात अशीच व्हायची.

पारोळं बरंच मागे पडल्यावर पहिला आचका बसला. दुसरा बसला तेव्हा यांनी डोळे उघडले. गाडी घरंगळत जाऊन एका निंबाच्या अलीकडे थांबली.

"काबर थांबनी?" का थांबली म्हणून यांनी भावाला अहिराणीत विचारलं.

"काही नाही, भाऊ. तू पडी ऱ्हाय," भाऊजी म्हणाले आणि उतरले. त्यांनी बॉनेटचं झाकण उचललं आणि थोरल्या भावाने जिथे इतके दिवस हात घातला होता तिथेच हात घातला, कार्बोरेटरला.

"पेट्रोल शे का?" यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"शे. वाटी भरेल शे," कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी सोडून बघत भाऊजी म्हणाले.

हे उठायला लागले. "माले देखू दे." मी खांद्यांवर दोन्ही हात ठेवून त्यांना दाबून धरलं. त्यांच्या अंगात तेवढाही जोर उरला नव्हता, हे त्या क्षणी कळलं. हे डोळे मिटून, श्वास धरून म्हणाले, "पेट्रोल शे, तर मंग करंट देख."

यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं आणि करंट बघायलाही दोन माणसं लागत होती. मी यांचं डोकं गोधडीवर टेकवलं आणि खाली उतरले. भाऊजींनी एका प्लगची तार काढून दिली. कोरडा फडका गुंडाळून मी तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं. भाऊजी पुढे वाकून हँडल फिरवत होते. तिथे ठिणगी उडायला हवी. मी पदराने सावली करून पाहिलं. काहीच नाही. पुन्हा फिरवलं, तरी नाही. आतून यांचं कण्हणं ऐकू येत होतं.

आम्ही तारा दाबून पाहिल्या, हलवून पाहिल्या. यात बराच वेळ गेला असेल. मग सहज म्हणून पुन्हा फिरवलं तर निळी ठिणगी टचकन उडाली. आम्ही काहीच केलं नव्हतं. तार बसवली, गाडी चालू झाली आणि आम्ही निघालो.

मला आनंद झाला नाही. कुठलं दुखणं आपण बरं केलं हेच माहीत नव्हतं. मी मनात तेच घोळवत बसले. अंगणात सांजवेळी कधी बंद पडत नाही. रस्त्यात तापली की पडते. उभी राहून निवली की चालते. पेट्रोल तर वाटी भरून होतं. मग गरम झाल्यावर मरतो आणि गार झाल्यावर जगतो तो करंटच.

दुसऱ्यांदा बंद पडली तिथे झाडही नव्हतं. या वेळी आम्ही कार्बोरेटरकडे पाहिलंच नाही. ठिणगी नव्हती. करंट जिथून यायचा ती तार मी हाताने मागे मागे चाचपत गेले आणि एका काळ्या डब्याला बोटं लागली तशी चटकन मागे घेतली. ती कॉइल. तव्यासारखी तापली होती.

"ही नेहमी एवढी तापते का?" मी विचारलं.

"भाऊच जाणे. ती कुणी कधी उघडत नाही," भाऊजी म्हणाले.

मी यांच्याकडे गेले. ओठ पांढरे पडले होते. "कॉइल फार तापलीय," मी सांगितलं.  हे डोळे न उघडता म्हणाले, "गार कर. तारेचं तोंड कोरडं ठेव."

यांच्या कपाळावरची पट्टी मी उचलली, कळशीत बुडवली, पिळून त्या डब्याभोवती गुंडाळली आणि वरून ओंजळीने पाणी सोडत राहिले. हे मान वळवून बघत होते.

"थोडं पाणी दे गं," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, नाही."

"घोटभर."

त्यांच्यासमोर मी ते पाणी लोखंडावर ओतत होते.  इतक्या वर्षांनीही कुणी पाणी मागितलं की मला आधी ते ओठ दिसतात. पण भाऊजींनी हँडल मारलं आणि ठिणगी आली. या वेळी थांबावं लागलं नव्हतं. दोष सापडला होता.

बॉनेटचं त्या बाजूचं पान भाऊजींनी काढूनच टाकलं, वारा लागावा म्हणून. मग आमची एक रीत ठरली. पहिला आचका बसला की गाडी बाजूला, पट्टी ओली, पाणी, पुन्हा पुढे. कळशी भराभर रिकामी होत होती. एका मळ्यात मोट चालू दिसली. मोट हाकणाऱ्या बाबांनी काही न विचारता कळशी भरून दिली, आणि गाडीत डोकावून यांना पाहिल्यावर आपलं पाण्याचं मडकंही वर आणून ठेवलं.

फागणे गाव मागे पडून धुळं जवळ आलं तेव्हा यांचं कण्हणं थांबलं. मी वाकून पाहिलं. "दुखतंय का?" "नाही. बरं वाटतंय," हे म्हणाले. भाऊजींना वाटलं उतार पडला. मला तसं वाटेना. इतकं दुखणारं एकाएकी गप्प कसं होईल? मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले आणि इंजिन ऐकत राहिले. एका हाताखाली एक धडधड आणि पुढे दुसरी. दोन्हींपैकी कुठली आधी चुकेल, एवढंच मनात होतं.

दवाखान्याच्या दारात गाडी पोहोचली आणि फाटकातच बंद पडली. भाऊजींनी आणि दोन वॉर्डबॉयनी यांना उचलून नेलं. गाडी कुणी ढकलली ते मला आठवत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मोठे डॉक्टर बाहेर आले. आतड्याचा काळा पडलेला भाग कापून टाकावा लागला, म्हणाले. जगतील का, हे भाऊजींनी विचारलं. "ताप उतरू द्या," एवढंच उत्तर मिळालं. पुढचे दिवस मी खाटेच्या लोखंडी दांडीला टेकून काढले. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

मग एका सकाळी यांनी क्षीण आवाजात विचारलं, "कॉइलच होती ना?"

"कॉइलच."

 "आणि मी तो कार्बोरेटर धुतोय," हे म्हणाले आणि हसायला गेले, तर टाके ओढले म्हणून कळवळले. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि वॉर्डाच्या बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. तोवर मला रडू आलं नव्हतं.

नवी कॉइल कुठेच मिळाली नाही. भाऊजींनी जळगावला भंगारात पडलेल्या एका गाडीची काढून आणली. ती बसवल्यावर गाडी तापूनही थांबेनाशी झाली. हे वाचले, पण हँडल मारायला त्यांना कायमची बंदी झाली, तेव्हा भाऊजी शेती वाट्याने देऊन गाडीवर आले. मी मात्र पुढे कितीतरी दिवस, ते दोघं भाड्यावर गेले की घड्याळाकडे बघत बसायची. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, आता काय होणार?" त्यांना काय सांगणार? कॉइल बदलली होती. माझं मन तसंच राहिलं होतं.