जुनं जहाज, नवं जहाज आणि यांची बॅग

आमच्या यांना बदल सोसत नाही. एकलहऱ्याच्या वसाहतीतून आम्ही नाशिकरोडला राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण यांचा न्हावी अजून एकलहऱ्याचाच आहे. डोक्यावर मूठभर केस उरलेत, ते कापून घ्यायला हे दर महिन्याला स्कूटर काढतात. रविवारची मिसळ एकाच ठिकाणी. तिथला मालक बदलला, रस्सा बदलला, चव तर पार गेली, पण यांची भिंतीकडची खुर्ची बदलली नाही. दूधवाला पाणी घालतो हे यांना माहीत आहे. "हा किती घालतो ते तरी ठाऊक आहे," म्हणतात. "नवा किती घालेल, काय सांगावं?"

तेव्हा मी जहाजाची कंपनी बदलायची म्हटलं, त्या दिवशी घरात काय झालं असेल ते सांगायला नको.

आमच्यासारख्यांचा जहाजाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. तो आला माझ्यामुळे. मी मूळची सटाण्याची. आमच्याकडे पाणी ही विहिरीत वाकून बघायची गोष्ट होती. पुढे तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. सागरी प्रवाह, भरती-ओहोटी, समुद्रबूड जमीन, सगळं निळ्या खडूनं फळ्यावर काढायची. स्वतः समुद्र पाहिला होता तो किनाऱ्यावरून, भेळ खाता खाता. निवृत्त झाले त्या दिवशी शाल आणि नारळ टेबलावर ठेवत मी सहज म्हटलं, "एकदा समुद्र मधून बघायचाय. चारही बाजूंना पाणी, जमीन कुठंच नाही, असा." हे पेपर वाचत होते. यांनी ऐकलं असेल असं मला वाटलंही नाही. महिन्याभरानं यांनी मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या जहाजाची दोन तिकिटं आणून माझ्यापुढं ठेवली.

ती पहिली फेरी. त्यानंतर त्याच कंपनीच्या त्याच जहाजानं आम्ही आणखी चारदा गेलो. नातेवाईक अष्टविनायक करायचे, शेजारी थंड हवेच्या ठिकाणी जायचे, आम्ही आपले जहाजावर. तिसऱ्या फेरीनंतर कंपनीनं यांना जुने प्रवासी म्हणून बॅगेला लावायचा लाल चामड्याचा बिल्ला दिला, त्यावर सोनेरी अक्षरांत यांचं नाव. तो बिल्ला यांनी बॅगेवर असा मिरवला की कुणी सुवर्णपदक दिलं असावं. चौथ्या फेरीपासून तर न मागता 'आमची' खोली राखून ठेवली जाऊ लागली. जिन्यापासून तिसरी, जहाजाच्या पोटात, बिनखिडकीची.

माझं दुखणं हीच खोली. खिडकीच्या जागी भिंतीवर समुद्राचं एक चित्र टांगलेलं होतं. खऱ्या समुद्रात असूनही मी सकाळी डोळे उघडायची ते त्या चित्राकडे बघत. दर वेळी यांना म्हणायची, या खेपेला गॅलरीची खोली घेऊ या. दर वेळी उत्तर एकच, "खोलीत काय झोपायलाच जायचंय ना?" आणि खोलीबाहेर तरी काय दिवे लावत होते? जेवणाच्या हॉलमध्ये हे नेहमी भिंतीकडे तोंड करून बसायचे. डेकवर आलेच तर जिन्याच्या दाराशी उभे राहायचे, ऊन लागतं म्हणायचे, आणि पाच मिनिटांत खाली जाऊन पत्त्यांच्या टेबलावर. मी एकटी कठड्याला धरून पाणी बघत राहायची. तशी नाशिकला सगळी हयात गेली तरी गोदावरीत यांनी पाय बुडवलेला मी पाहिलेला नाही, पाणी घाण असतं म्हणतात. या सगळ्याला मी मनातल्या मनात कंटाळा असं नाव देऊन ठेवलं होतं. खोलीच्या बाबतीत चिक्कूपणा असंही दिलं होतं, खोटं कशाला बोलू?

यंदा दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात बघितली. नवं जहाज, आणि जवळजवळ सगळ्या खोल्यांना गॅलरी. मी कुणाला न विचारता माझ्या नावानं, माझ्या पेन्शनमधून खोली घेऊन टाकली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण टूथपेस्टसुद्धा मी यांच्या पसंतीची वापरते. एकदा, फक्त एकदा, मला आपल्या खोलीत उठून समुद्र बघायचा होता, आणि शेजारच्या खुर्चीत हे हवे होते. एवढंच. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही." मी म्हटलं, "ओळख होईल." माझं मन मात्र धास्तावलेलं होतं. ही सहल फसली, तर पुन्हा मला काही ठरवू द्यायचे नाहीत, आणि मलाही तोंड वर करून बोलता यायचं नाही.

एरवी यांची बॅग मी भरते. पुण्याला जायचं तरी बनियन मोजून मीच ठेवते. जहाजाच्या फेरीला मात्र हे पहिल्यापासून स्वतः भरायचे, दार लावून. मला वाटायचं, बरं झालं, माणूस सुधारतोय. फक्त तीन शर्ट आणि दोन पायजम्यांना एवढी मोठी, फुगलेली बॅग कशाला लागते, हे कोडं मला कधी सुटलं नव्हतं. त्या बॅगेवर लाल बिल्ला तसाच होता. मी म्हटलं, "अहो, तो काढा. आपण दुसऱ्यांकडे चाललोय." तर म्हणाले, "राहू दे, बॅग ओळखू येते."

ती ओळखू आलीच. मुंबईच्या धक्क्यावर त्या दिवशी दोन्ही जहाजं लागली होती आणि दोन्ही कंपन्यांची सामान घ्यायची टेबलं शेजारीशेजारी होती. माझी बॅग मी आमच्या टेबलावर दिली आणि वळून बघते तर जुन्या कंपनीचा सामानवाला यांच्यासमोर हात जोडून उभा. दर खेपेला आमचं सामान तोच न्यायचा. "साहेब, यंदा उशीर केलात. मॅडम बऱ्या आहेत ना?" असं म्हणत त्यानं यांच्या हातातली बॅग प्रेमानं काढून घेतली. आणि या गृहस्थांनी ती दिली. हे हसले, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, पाठीवर थाप मारली. आम्ही तुमची कंपनी सोडली, एवढं एक वाक्य यांच्या तोंडून निघेना. भिडस्तपणाचा कळस. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा लांबून मला वाटलं, नुसता निरोप घेताहेत.

खोली मात्र सुंदर होती. काचेचं सरकतं दार, बाहेर दोन वेताच्या खुर्च्या, आणि त्यापुढे पाणीच पाणी. जहाज निघालं तशी मी बाहेर जाऊन बसले. हे आत, पलंगाच्या खोलीच्या दाराकडच्या कडेला बसून राहिले. कपाट उघडून वरच्या फळीवर काय आहे ते बघितलं, पुन्हा बसले. मी म्हटलं, "या ना बाहेर." "बॅग येऊ दे आधी," म्हणाले. तास गेला, दोन तास गेले. माझी बॅग आली, यांची नाही. मग हळूहळू सगळी कहाणी बाहेर पडली, आणि मी कपाळावर हात मारला.

"नेऊ दे की," मी म्हटलं. "तीन शर्टांसाठी जीव कशाला टाकता?" पण यांचा चेहरा उतरला होता. माझा पारा चढला. मला राग आला की सटाण्याची भाषा बाहेर येते. "काय शे इतकं त्यामा?" मी विचारलं. हे चपला शोधू लागले.

आम्ही चौकशीच्या काउंटरवर गेलो. तिथं मालवणकडची एक तरतरीत मुलगी होती. तिनं फोन करून सांगितलं की बॅग दुसऱ्या जहाजावर सुखरूप आहे, तेही गोव्यालाच चाललंय, उद्या तिथं मिळेल. फक्त एक फॉर्म भरावा लागेल. "काका, आत काय काय आहे ते सांगा, म्हणजे ताब्यात घेताना तपासता येईल."

"शर्ट तीन," हे म्हणाले. "पायजमे दोन. टॉवेल. दाढीचं सामान. चिवड्याची पिशवी."

"आणखी काही मोठं?"

हे माझ्याकडे बघेनात. काउंटरवरच्या पेनाकडे बघत हळूच म्हणाले, "पाण्यात बुडू नये म्हणून घालतात ती जाकिटं. नारिंगी."

मुलीनं लिहिता लिहिता वर बघितलं. "लाइफ जॅकेट? काका, ती तर खोलीतच असतात, कपाटात."

"ती जहाजाची. ऐन वेळी सापडतील याची खात्री काय? ही माझी आहेत. देवळाली कॅम्पच्या बाजारातून घेतलेली."

"किती आहेत?"

"दोन," हे म्हणाले.

मी तिथल्या खुर्चीत बसले. माझ्या सासूबाई हसत हसत एक गोष्ट सांगायच्या, ती आठवली. हे सात-आठ वर्षांचे असताना गोदावरीच्या रामकुंडावर पाय घसरून आत गेले होते, कुणीतरी केसांना धरून वर काढलं. सासूबाई सांगायच्या ते पुढचं, घरी आल्यावर यांनी कसा मार खाल्ला ते. सगळे हसायचे, मीही हसायची. त्या पोराला आत काय वाटलं असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. भूगोलाच्या बाई मी, नद्या कुठून कुठं जातात एवढंच पाठ.

खोलीत आल्यावर यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या जुन्या जहाजावर यांना कुठला जिना कुठं निघतो ते पाठ होतं. आमच्या खोलीपासून बचावाच्या होडीपर्यंत किती पावलं, ते मोजलेलं होतं. बिनखिडकीच्या खोलीत पाणी दिसत नसे म्हणून झोप लागायची. मी विचारलं, "मग पाच-पाच वेळा गेलात कशाला?" तर मलाच वेड्यात काढल्यासारखं बघत म्हणाले, "तुला समुद्र मधून बघायचा होता ना?"

मला रडू आलं. चिक्कू म्हटलं होतं मी या माणसाला. मी म्हटलं, आपण आतली खोली मागून घेऊ, मिळेल. हे नको म्हणाले. मग मी काचेच्या दाराचा पडदा ओढून घेतला आणि आम्ही पलंगावर बसून पत्ते खेळलो. दोन्ही डाव यांनी जिंकले.

दुसऱ्या दिवशी आणखी एक संकट. यांना घालायला कपडे नव्हते. जहाजावरच्या दुकानात यांच्या मापाचा एकच टी-शर्ट मिळाला, आणि त्याच्या छातीवर नव्या कंपनीचं नाव हातभर अक्षरांत. तो घालून गोव्याच्या धक्क्यावर जुन्या कंपनीच्या माणसाकडून बॅग आणायची होती. हे माझी ओढणी उपरण्यासारखी पांघरून निघाले. वारा काय कुणाचा ऐकतो? त्या सामानवाल्यासमोर पोचलो आणि ओढणी उडून खांद्यावर गेली. त्यानं टी-शर्ट वाचला, यांच्याकडे बघितलं, बॅग पुढं केली. मग तोच समजुतीनं म्हणाला, "साहेब, तिकडचं जेवण कसंय?"

"ठीक आहे," हे म्हणाले. "पोहे तुमच्यासारखे नाहीत."

तेवढ्यावर दोघांचंही समाधान झालेलं दिसलं. परत येताना हे बॅग छातीशी धरून चालत होते. मी घेऊ का म्हटलं तर दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा पडदा उघडा होता. खोलीभर उजेड होता आणि मी पडल्या पडल्या बघितलं तर खराखुरा समुद्र, थेट आभाळापर्यंत. जमीन कुठंच नव्हती. पण माझी नजर तिथं ठरली नाही. गॅलरीत हे बसले होते. सदरा, पायजमा, आणि वर नारिंगी जाकीट, सगळे पट्टे नीट आवळलेले. एका हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात चहाचा कप. तोंड मात्र पाण्याकडे होतं.

शेजारच्या खुर्चीवर दुसरं जाकीट घडी घालून ठेवलेलं होतं.

मी बाहेर गेले. ते गाउनवरच चढवलं. पट्टा मला लावता येईना, तेव्हा यांनी कप खाली ठेवला आणि खुर्चीचा दांडा सोडून दोन्ही हातांनी तो लावून दिला. शेजारच्या गॅलरीतलं एक जोडपं आमच्याकडे बघून हसत होतं. मी त्यांना हात केला आणि यांच्या शेजारी बसले.