कोसकुदुकचा ठिपका

कुल्याश रागीट नव्हती. रागीट माणसं ओरडतात आणि विसरतात. ही लक्षात ठेवणारी होती.

कझाकस्तानच्या स्तेपमध्ये, म्हणजे गवताळ माळरानात, कोसकुदुक नावाच्या गावात ती मुलांना संगणक शिकवायची. तिकडे शिक्षिकेला 'आपाय' म्हणतात आणि शिक्षकाला 'आगाय'. आपल्या कानाला आपाय म्हणजे अपायच वाटतो, आणि या हकिकतीपुरतं ते अगदी बरोबर आहे.

तिच्या चार पोरांनी पहिला रोबो बांधला तो तिच्याच स्वयंपाकघरात, जुन्या शिवणयंत्राची मोटर लावून. तिथल्या वाळूत दोन पायांवर टुणटुण उडणारा एक उंदीर असतो, कोसायाक. रोबो तसाच उडायचा, म्हणून संघाचं नावही कोसायाक. स्पर्धेला परीक्षक म्हणून आलेल्या बोलातबेक आगायने तो पाहिला आणि वसतिगृहाचं, शिष्यवृत्तीचं आमिष दाखवून चौघांना अल्माटी शहरातल्या आपल्या बड्या शाळेत उचलून नेलं. संघाचं नावही नेलं.

पोरं गेली याचा तिला राग नव्हता. जावंच पोरांनी. पण तीच पोरं देशात पहिली आली, तेव्हा हा गृहस्थ टीव्हीवर छाती काढून म्हणाला, "शून्यातून घडवलंय मी यांना. त्या गावात आहे काय? उंट आणि वारा!"

लगेच तालुक्याचे साहेब आले. "आपाय, संघच नाही तर शाळेत रोबोला वेगळी खोली कशाला?" असं म्हणून त्यांनी तिथे टेबल टेनिसचं टेबल आणून टाकलं. कुल्याशने त्यांना चहा दिला. त्याच दिवशी तिने ठरवलं, खोली परत घ्यायची आणि त्या वाक्याचा हिशेब चुकता करायचा.

संधी चालत आली. स्पर्धेच्या समितीला देशभरच्या शाळांमधले रोबो-संघ दिसतील असा नकाशा इंटरनेटवर हवा होता, आणि फुकट राबायला कुणी तयार नव्हतं. कुल्याशने हात वर केला.

"करू द्या आपायला," समितीत बसलेला बोलातबेक हसला. "वाऱ्याखेरीज काहीतरी मिळेल मोजायला."

तिने नकाशा मन लावून केला. ठिपक्यावर बोट ठेवलं की संघाचा फोटो, रोबो, पोरांचं बोलणं, सगळं उघडायचं. ठिपका ज्या त्या संघाच्या पोरांनीच ठेवायचा आणि त्यांनीच हलवायचा. फक्त जिथे सगळे 'पत्ता' लिहितात तिथे तिने लिहिलं, 'तुगान जेर'. म्हणजे जन्माची माती, जिथे नाळ तुटली ती जागा. या दोन शब्दांपुढे कझाक माणूस हरकत घेतच नाही. समितीत सगळ्यांचे डोळे पाणावले. पहिली टाळी कुणाची? बोलातबेकची!

पोरांना ती एका शब्दाने बोलली नाही. पढवलेली पोरं तिला नको होती. पण जीव टांगणीला लागला होता. त्यांनी अल्माटीवर बोट ठेवलं असतं, तर स्वतःच्याच नकाशात तिचं गाव कायमचं पुसलं जाणार होतं.

उद्घाटनाला सभागृह भरलं. कोसायाकची कप्तान मेरुएर्त मोठ्या पडद्यापाशी गेली. अल्माटीवर ठिपक्यांची नुसती खिचडी झाली होती. पोरीने नकाशा सरकवला, वाटेतल्या मोठ्या सरोवराच्याही पलीकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे, आणि बोट टेकवलं.

"अगं बाळ, चुकलीस! अल्माटी इकडे," बोलातबेक पुढे धावला.

"अल्माटी ठाऊक आहे, आगाय. पण इथे तुगान जेर विचारलंय. आम्ही कुल्याश आपायच्या स्वयंपाकघरात जन्मलो."

ठिपका उघडला. पडद्यावर शिवणयंत्राची मोटर, बाजूला चहाची किटली, आणि मागे पिठाने माखलेली कुल्याश. सभागृह आधी हसलं, मग टाळ्या थांबेनात.

टेबल टेनिसचं टेबल साहेबांनी स्वतः धरून बाहेर काढलं.

मग बोलातबेक ड्रायव्हरला घेऊन कोसकुदुकला आला. शाळेचे मालक त्याला जाब विचारत होते.

"आपाय, तेवढा ठिपका हलवा."

"मला हलवता येत नाही. पोरांना सांगा."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"तुमच्याच हाताखाली शिकलीत ना? बसा, जेवून जा. पाहुण्याला उपाशी धाडत नाही आम्ही. इथे उंट आणि वारा असला तरी मेंढीही असते."

मेंढीचं शिजवलेलं डोकं आलं. ते मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. बोलातबेकने बाह्या सरसावल्या. कुल्याशने ताट त्याच्या पिकल्या दाढीच्या ड्रायव्हरपुढे ठेवलं.

"वयाने तुम्ही मोठे, आजोबा. आणि कान द्यायचा कुणाला, ते तुम्हाला सांगायला नको."

कान लहानांना देतात, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. म्हाताऱ्याने एकदा बोलातबेककडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मिशीतल्या मिशीत हसत कान कापून बोलातबेकच्या ताटात ठेवला.

"खा, बाळा."

त्या ताटातलं नाकारता येत नाही. मेंढीचा कान चिवट असतो, चावता चावत नाही. कुल्याश समोर बसून बघत राहिली. मध्ये एकदा तिने चहा विचारला, तेवढंच.