घाईनको धावला तो दिवस

आमचा घाईनको धावला, हे मी गल्लीत कुणाला सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघतात. "तो? आणि धावला? काहीतरीच काय!" अहो, मी या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या जिन्यावर त्याची एक चप्पल सुटून पडली होती, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच होती. उचलायचं भान होतं कुणाला?

त्याला हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण ज्यानं ठेवलं त्यानं चपखल ठेवलं. गाड्यांचं वायरिंग आणि मीटर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. कोपऱ्यावर एका खोलीचं दुकान आहे. अर्ध्या खोलीत बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी आणि तो. उरलेल्या अर्ध्यात त्याच्या बायकोचं शिलाई मशीन. गिऱ्हाईक दारातून ओरडतं, "अहो मिस्त्री, लवकर बघा, मला निघायचंय!" की हा चष्मा पुसत म्हणणार, "घाई नको." मशीनवरून बायको लगेच बोलणार, "स्वतःच्या लग्नात उशिरा पोचलेत हे. वाटेत कुठल्याशा ट्रकचा हॉर्न अडकला होता, तो बंद करत बसले." त्यावर हा शांतपणे विचारतो, "पण बंद केला की नाही?" झालं. मशीन पुन्हा सुरू.

गाडी आली की तो आधी तिला हात लावतच नाही. आत जाऊन नुसता बसतो. डॅशबोर्डवरचे काटे बघतो, किल्ली फिरवतो, पुन्हा बघतो. त्याचं ठरलेलं आहे. एकच काटा चुकत असेल तर त्या काट्याच्या वायरीमागे जायचं, टाकीपर्यंत नाहीतर इंजिनापर्यंत. दोन काटे एकदम चुकत असतील तर त्यांच्यामागे वेगवेगळं धावायचं नाही. दोघांना वीज जिथून येते तिथे बघायचं. हे तो इतक्या वेळा सांगतो की त्याच्या बायकोलाही पाठ झालंय. ती म्हणते, दोन्ही बाह्या तोकड्या झाल्या तर बाह्यांना दोष देऊ नये, माप घेणाऱ्याला द्यावा.

आता आमच्या घरातल्या काट्यांकडे येते. माझ्या नवऱ्यानं नोकरीतून मोकळं झाल्यावर एक जुनी लाल स्पोर्ट्‌स कार घेतली. ब्रिटिश, दोन माणसांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी आडवं व्हायचं. मी तिला माझी सवत म्हणते. माझा वाढदिवस हे विसरतात, तिचं तेल बदलायचा दिवस कधी विसरत नाहीत. त्या हिवाळ्यात ह्यांनी डॅशबोर्ड काढून मागचा पत्रा घासूनपुसून रंगवला. असा चकचकीत रंगवला, की मी म्हटलं, "अहो, तो आतून कोण बघणार आहे?" म्हणाले, "मला माहीत असेल ना!" सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं आणि पाहतात तर काय, इंजिनच्या तापमानाचा काटा थेट लाल खुणेजवळ. पाणी मात्र उकळत नव्हतं. ह्यांचा जीव टांगणीला लागला. घरात लेक बाळंत होऊन आली होती, पण चेहरा पडला तो काट्यासाठी!

हो, लेक आली होती. जावई कामासाठी लांब होते, म्हणून ती महिन्याच्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला आली. बाळाला आम्ही ठमी म्हणायचो. दोघींची सोय गॅरेजवरच्या खोलीत केली. लाकडी जमिनीची, उबदार, घरातली सगळ्यात शांत खोली. तिच्या कोपऱ्यातून ह्यांनी मागे कधीतरी खाली दिव्याची वायर सोडली होती. त्या वायरीसाठी पाडलेलं भोक तसंच होतं. तिकडे कोण बघतंय?

ह्यांनी घाईनकोला फोन लावला. "मिस्त्री, तापमानाचा काटा वर जातोय." त्याच्याकडे तेव्हा बसगाड्यांच्या वायरिंगची कामं आलेली. तो म्हणाला, "दादा, घाई नको. मी येईपर्यंत रोज गाडी थोडा वेळ चालू ठेवा आणि बघा, काटा हळूहळू चढतो की एकदम उडी मारतो. त्यावरून कळेल." ह्यांना काय, देवानं आज्ञा दिल्यासारखं झालं. रोज सकाळी गाडी सुरू करून हे चहाला वर यायचे आणि मग खाली जाऊन काटा बघायचे.

पहिल्याच दिवशी आवाजानं ठमी दचकून उठली आणि रडून घर डोक्यावर घेतलं. मी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून हे गॅरेजचं दार लावून घेऊ लागले. बाळाची झोप मोडू नये म्हणून हो! आणि खरंच, ठमी गाढ झोपू लागली. मी शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "आमची ठमी इतकी गुणी आहे, सकाळी उठतच नाही."

लेकीचं डोकं दुखायला लागलं. मळमळायचं, जेवण जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, झोप अपुरी आहे, गोळ्या घ्या. दवाखान्यात जाऊन यायची तर येताना बरी असायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तिला सूप करून द्यायची आणि वर बोलायचीही, "आम्ही काय पोरं काढली नाहीत का?" ह्यांचंही डोकं जड व्हायचं. ते म्हणायचे चष्म्याचा नंबर वाढला. एकाच घरात दोन डोकी दुखत होती आणि एकीला गोळ्या, दुसऱ्याला चष्मा!

शेवटी घाईनको येणार असल्याचा फोन आला. गाडी तापलेली असू दे म्हणाला. म्हणून ह्यांनी त्या सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर सुरू केली. तो काही वेळेवर येईना. घाईनकोच तो! गाडी आपली दार लावून चालूच. तो आला तेव्हा ह्यांनी दार उघडलं, आतली कोंडलेली हवा बाहेर आली, ह्यांनी खोकत गाडी बंद केली. घाईनको आत जाऊन बसला. मी चहाचं विचारायला खाली आले होते, तर हा काट्यांकडे टक लावून बसलेला.

"दादा, टाकी भरलीये?"

"पाऊण असेल. काटा दाखवतोय ना."

तो उतरला, मागे गेला, टाकीत एक काठी घातली आणि बाहेर काढली. काठीचं टोक तेवढं ओलं होतं.

"टाकी रिकामी आहे," तो म्हणाला. "म्हणजे पेट्रोलचा काटाही वर आहे. दोन्ही काटे एकदम वर. दादा, हे फोनवर का नाही सांगितलंत?"

हे ओशाळले. "अहो, तो भरलेला दाखवत होता. मला वाटलं, गाडी पेट्रोल कमी खातेय."

"दोन्ही सांगितले असतेत तर गाडी चालू करायचीच गरज नव्हती. डॅशबोर्डमागे एक डबी असते, दोन्ही काट्यांना मोजून वीज देणारी. तीच बघितली असती." असं म्हणून तो सावकाश पिशवीतून आपला दोन वायरी जोडलेला छोटा दिवा काढू लागला. मी म्हटलं, "मिस्त्री, चहाला जरा वेळ लागेल. लेकीचं डोकं आज फारच धरलंय, ती अजून उठलेली नाही. आणि ह्यांचंही सकाळपासून दुखतंय."

त्याचा हात पिशवीतच थांबला.

"दोघांचं?" त्यानं विचारलं. "एकदम?"

"हो, गेले काही दिवस. का हो?"

त्यानं गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. मग वर छताकडे. दिव्याची वायर जिथून खाली आली होती त्या भोकाकडे त्याची नजर गेली. "गाडी चालू ठेवायचात तेव्हा दार उघडं असायचं ना, दादा?"

"नाही. बाळ उठतं म्हणून..."

"वर कोण आहे?"

"लेक आणि ठमी," मी म्हटलं.

आणि तो धावला. दिवा, पिशवी, सगळं खाली टाकून धावला. मला बाजूला ढकललंन. जिन्यावर चप्पल सुटली, तरी थांबला नाही. मला काहीच कळेना, पण त्याचा चेहरा बघून मीही मागे धावले. वर पोचले तोवर त्यानं खिडक्या धाडधाड उघडल्या होत्या. लेक पलंगावर आडवी, गाल लालबुंद. मी हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटले. "आई गं" एवढंच म्हणाली, तेही मला नव्हे, कुठेतरी लांब बघत. त्यानं ठमीला पाळण्यातून उचललं. तिची मान त्याच्या हातावर नुसती लोंबत होती.

"बाहेर काढा हिला! उचला!" तो ओरडला. त्याचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी आणि ह्यांनी लेकीला काखेत धरून फरफटत खाली रस्त्यावर आणलं. थंडीत, अंगावर नुसता गाउन. घाईनको ठमीला छातीशी घट्ट धरून तिच्या तळपायांवर टिचक्या मारत होता. "रड गं. रड. आत्ता रड ना, बाई." ठमी रडेना. शेजारणीनं रुग्णवाहिका बोलावली. मी रस्त्यावर लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गुणी बाळ, गुणी बाळ, म्हणून मिरवत होते मी!

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, इंजिनाच्या धुरातला विषारी वायू आहे हा, त्याला वास नसतो, आणखी थोडा वेळ गेला असता तर... ठमी दुपारी रडली. आख्खा मजला दणाणून सोडला पोरीनं. इतका गोड आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तिच्या आईनं त्या आवाजानं डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली, "आई, तिला भूक लागलीये."

मी बाहेर आले तर घाईनको बाकावर बसलेला, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. त्याची बायको शेजारी होती, गळ्यात मापाची टेप तशीच. मला बघून तो उठला. "वहिनी, गाडी चालू ठेवा असं मीच सांगितलं होतं." आणि तो ढसाढसा रडला. खरं सांगते, मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशीही वाटली आणि त्याचे पाय धरावेसेही वाटले. ह्यांच्याशी तर मी कितीतरी दिवस धड बोलले नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, "ती रडली. ऐकलंत ना?" तो म्हणाला, "ऐकलं." त्याच्या बायकोनं पदरानं त्याचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

लेक घरी आल्यावर तो गाडी बघायला आला. आधी गाडी ढकलत रस्त्यावर नेली, मगच डॅशबोर्ड सोडला. ती डबी हातभर आत होती. तिचं अंग गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकलेलं असावं लागतं, नाहीतर ती काट्यांना भलतीच वीज देते. ह्यांनी तिच्या खालीही तो चकचकीत रंग लावला होता. डबी रंगावर बसली होती, पत्र्यावर नाही. घाईनकोनं पॉलिश पेपरनं टिकलीएवढा रंग खरवडला, स्क्रू आवळला आणि दोन्ही काटे गुमान खाली आले. एवढंच होतं. एवढंसंच! मी त्या खरवडलेल्या ठिपक्याकडे बघत राहिले. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

वरच्या खोलीतलं भोक ह्यांनी त्याच दिवशी बुजवलं. गाडी विकायचं म्हणत होते, मीच नको म्हटलं. अजूनही ती वर्षातून एकदोनदा कुरकुरते आणि घाईनको येतो, नेहमीसारखा उशिरा. पण आता गाडीत बसायच्या आधी रस्त्यात उभा राहून वर बघतो आणि हाक मारतो, "वर कोण आहे?"

मी खिडकीतून सांगते, "मी आहे!"

"खाली या."

मग आम्ही सगळे खाली येतो. ठमी आता चालते, आलेली असली तर तीही माझं बोट धरून येते. आम्ही समोरच्या फुटपाथवर रांगेत उभे राहतो. येणारेजाणारे हसतात. हसू देत. घाईनको आम्हाला बोटानं मोजतो, ठमीला दोनदा मोजतो, आणि मगच किल्ली फिरवतो.